देवस्थळीबाईंचं वाचन

हणमंतराव मोहित्यांनी उभा जन्म एसटी चालवली. आज पाटण, उद्या चिपळूण, परवा डोंगरातल्या कुठल्यातरी खेड्यात मुक्कामी गाडी. निम्म्या रात्री नवरा घराबाहेर, पण वैजयंताबाईंच्या मनाला कधी संशय शिवला नाही. शेजारणी चेष्टा करायच्या, "अगं, मुक्कामाच्या गावी एखादी ठेवली असंल हो!" यावर बाई फणकारायच्या, "असू दे की. धुणं तरी तीच धुईल." आणि आता म्हातारा निवृत्त झाला, साखरेनं डोळे गेले, दारातल्या जास्वंदीपर्यंत जायचं तर भिंत चाचपत जावं लागतं, आणि आता, बघा कर्माचे भोग, वैजयंताबाईंच्या घरात सवत आली.

आली ती थेट हणमंतरावांच्या गळ्यातच आली. पण आधी निळ्या पुस्तकाचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाईच भांडकुदळ.

हणमंतरावांना विज्ञानकथांचा नाद. मुक्कामाची गाडी लावली, डबा खाल्ला, की शेवटच्या सीटवर आडवं व्हायचं आणि हाताला येईल ते पुस्तक उघडायचं. निळ्या कव्हरचा तो कथासंग्रह अगदी शेवटी आणलेला, डोळे गेले तोवर त्यातली पहिलीच गोष्ट वाचून झाली होती. अंतराळयानं चालवणारे सगळे त्यांना आपले ड्रायव्हरबंधूच वाटायचे. घरी आले की बायकोला सांगायचे, "तो शनीवरचा पायलट उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यातला होता. मरणारच." नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी विजेची गाडी चालवली. कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात पोचलो की बॅटरी माथ्यावर होती त्यापेक्षा जास्त भरलेली असते, हे ते येईल त्याला ऐकवायचे. "गिअरमध्ये सोडली की चाकंच वीज तयार करतात. न्यूट्रल टाकलं की गेली फुकट." पुढं ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या आल्या. हणमंतराव म्हणाले, असल्या गाडीत मी मेलो तरी बसणार नाही.

डोळे गेले तेव्हा ते महिनाभर भिंतीकडं तोंड करून बसले. वैजयंताबाईंनी तोवर तेलाच्या पिशवीवरची आणि कॅलेंडरच्या मागची अक्षरं सोडून फारसं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी फळीवरचं निळं पुस्तक काढलं आणि चार वाजता चहा झाल्यावर मोठ्यानं वाचायला बसल्या. "गुरु... त्वा... कर्षण," असं तीन ठिकाणी थांबत वाचलं. हणमंतराव पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "डबल बेल दे, त्याशिवाय गाडी हलत नसती." बाईंनी चमच्यानं पेल्यावर दोनदा वाजवलं. टिंग टिंग. तेव्हापासून रोज चहा, डबल बेल आणि गोष्ट असा नेमच पडला. चारच्या आधी बाई कुणाच्या दारात जात नसत, कुणी आलं तर लवकर कटवत.

आता पुढचं सांगते ते तुमच्यातच ठेवा. पहिल्या गोष्टीतला तो शनीवरचा पायलट मेला, आणि बाईंनी ते छापलंय तसं वाचलं. हणमंतराव संध्याकाळी ताट सरकवून पुन्हा भिंतीकडं वळले. दुसरी गोष्ट चंद्रावर एकटी राहिलेल्या नर्सची होती. शेवटाला येता येता बाईंनी खालच्या ओळी आधीच बघितल्या, तिथं नर्स मरत होती, आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "तेवढ्यात तिला न्यायला माणसं आली." त्या दिवशी हणमंतराव दोन भाकरी जेवले.

मग काय, त्या पुस्तकात पुन्हा कुणाची मरायची टाप नव्हती. भरकटलेली यानं वाटेला लागली, बुडालेली शहरं वर आली, सगळे जण दिवेलागणीच्या आत घरी पोचले. शेवटची गोष्ट मंगळावरच्या खाणीतली. खाणीच्या घुमटातली हवा गळायला लागते आणि एक गाडीवान कामगारांना फेऱ्या मारमारून बाहेर काढतो. सगळे सुटतात, पण परतताना गाडीतली वीज संपते. पुस्तकात तो डोंगरमाथ्यावरच्या थांब्यावर गाडीचा दिवा लावून बसून राहतो आणि गोष्ट संपते. वैजयंताबाईंच्या गोष्टीत डेपोतून दुसरी गाडी येते. हा शेवट हणमंतरावांना इतका आवडला की त्यांनी न्हाव्याला सांगितला, दूधवाल्याला सांगितला. "दुसरी गाडी पाठवली! ह्याला म्हणायचं डेपो!"

आणि मग गेल्या दसऱ्याला पेठेतल्या वाचनालयाची ग्रंथपाल रेवती एक मऊ करडी पट्टी घेऊन आली. अंध वाचकांसाठी सहवाचनाची योजना होती. रेवतीनं नीट समजावून सांगितलं.

आपण मनातल्या मनात वाचतो तेव्हाही गळा गप्प नसतो. ओठ मिटलेले असले तरी मेंदू एकेका शब्दाची आज्ञा गळ्याच्या स्नायूंना धाडत असतो, फक्त ती इतकी क्षीण असते की आवाज फुटत नाही. वाचणाऱ्याच्या गळ्यातली पट्टी ही आज्ञा टिपते. श्वास कुठं अडला, छाती कुठं धडधडली, तेही टिपते, आणि डोळे कुठल्या ओळीवर रेंगाळले ते समोरचा कॅमेरा टिपतो. मग दुसऱ्याच्या गळ्यातली पट्टी हा सगळा ठसा उलट वाजवते. शब्द कानामागच्या हाडातून आत जातात आणि त्याच क्षणी गळ्याच्या स्नायूंनाही तीच हलकी आज्ञा मिळते. म्हणून माणसाला आपल्याला कुणी वाचून दाखवतंय असं वाटत नाही. आपणच वाचतोय असं वाटतं.

"पण मुळात वाचलेलं कुणी असतं?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"निवडक वाचक असतात, काकू. काकांचं निळं पुस्तक पुण्याच्या यामिनी देवस्थळींनी वाचलंय. फार मागणी आहे त्यांच्या वाचनाला."

पट्टी गळ्यात बसली. हणमंतरावांचा कंठ हलला, ओठ थरथरले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "वैजू," ते म्हणाले, "अगं, मी वाचतोय! मी स्वतः वाचतोय!" बाईंचाही ऊर भरून आला. खोटं कशाला बोला, त्यांना आनंदच झाला. चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत झाला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या चहा घेऊन आल्या, चमचा उचलला, तर हणमंतरावांनी पट्टी आधीच चढवलेली. त्यांना बेल नको होती. चहा निवून गेला आणि चमचा बाईंच्या हातातच राहिला.

तिथून बाईंचं काळीज जळायला लागलं. हणमंतराव मध्येच खुदकन हसत, आणि कशाला हसले ते सांगत नसत. एकदा म्हणाले, "देवस्थळीबाई अवघड शब्दाला जरासुद्धा अडखळत नाहीत."

"आम्ही अडखळत होतो व्हय?"

"तसं नाही गं."

तसं नाही गं म्हणजे तसंच, हे कुठल्याही बायकोला कळतं. परक्या बाईचा श्वास आपल्या नवऱ्याच्या गळ्यात, आणि तोही अंगावर काटा आणणारा! बाईंनी पट्टी मळली म्हणून धुवायला काढली, तर ती धुवायची नसते असं कळलं. मग चार्जिंगला लावायची विसरल्या. दोन दिवस विसरल्या. हणमंतरावांनी भिंत धरत शेजारी जाऊन लावून आणली. ज्या माणसाला स्वतःच्या दारातल्या जास्वंदीपाशी जायचा कंटाळा यायचा, तो तिच्यासाठी शेजारी गेला. त्या दिवशीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं, आणि ते चुकून पडलं असं बाई अजून म्हणतात.

पुढं तर कहर झाला. हणमंतराव गप्पच झाले. पट्टी लावून तासन्‌तास बसायचे, पट्टी काढली की तोंड फिरवायचे. "जेवण कसं झालंय?" "ठीक." "भाकरी आणू?" "नको." बायकोचं नावसुद्धा तोंडातून निघेना. बाईंनी मनाशी निदान केलं. माणूस दुसरीकडं अडकला की घरात असाच मुका होतो, ह्यात काही शंका नाही.

एकदा ते अंघोळीला गेले तेव्हा बाईंनी दार पुढं लोटून पट्टी स्वतःच्या गळ्यात घातली. बघू तरी काय जादू आहे हिची. आणि काय सांगावं! शब्द असे सरळ येत होते, जणू बाईंनी शाळा कधी सोडलीच नव्हती. गुरुत्वाकर्षण एका दमात आलं. मध्ये कुठंतरी एका साध्याच वाक्यावर ती बाई थांबली, पुन्हा मागं गेली, तेच वाक्य चव घेत परत वाचलं, आणि वैजयंताबाईंना त्या वाक्यातली मजा पहिल्यांदा कळली. वाचन चांगलं होतं. वाईट असतं तर बाईंनी चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. त्यांनी पट्टी होती तशी ठेवली आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडल्या.

कडेलोट झाला तो त्या आठवड्याच्या शेवटी. रेवती चौकशीला आली होती. हणमंतराव तिला म्हणाले, "त्या देवस्थळीबाईंना एक निरोप कळव. म्हणावं, तुमच्यामुळं मला खरं वाचायला मिळालं. आभारी आहे." वैजयंताबाई आत पोहे परतत होत्या. खरं वाचायला! म्हणजे आम्ही इतके दिवस घसा फोडला, ते काय खोटं? आणि मग त्यांच्या लक्षात आलं की खोटंच होतं की. हातातला झारा तसाच राहिला. देवस्थळीण छापलंय तेच वाचते. तिच्या वाचनात नर्सला न्यायला कोण येणार? ह्यांना सगळं कळलंय. कळूनही हे बोलत नाहीत. त्या बाईला निरोप धाडतात आणि बायकोशी अबोला धरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंताबाई ठेवणीतली साडी नेसून वाचनालयात हजर. "मलापण वाचून द्यायचंय," त्यांनी रेवतीला सांगितलं. "निळ्या पुस्तकातली शेवटची गोष्ट. छापलंय तशीच वाचणार. तुमच्या त्या पुणेकरणीपेक्षा कांकणभर सरस वाचणार."

रेवतीनं त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि टिपणारी पट्टी लावली. बाईंनी पदर खोचला. एकही ओळ गाळायची नाही, एकही शब्द पदरचा घालायचा नाही, असं ठरवून त्या मनातल्या मनात वाचत गेल्या. शेवटाला आल्या. गाडीवान थांब्यावर बसला, त्यानं दिवा लावला. बाईंनी शेवटची ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि पुस्तक मिटलं. जिंकल्यासारखं वाटलं त्यांना.

रेवती पडद्याकडं बघून गोंधळली. "काकू, हे घेता येणार नाही हो. मजकुराशी जुळत नाही."

"का नाही? अक्षर न्‌ अक्षर वाचलंय मी!"

"डोळ्यांनी वाचलंय. हे बघा, डोळे शेवटच्या ओळीवरून बरोबर गेलेत. पण गळा त्याच वेळी दुसरंच बोललाय." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. तिथं बाईंच्या गळ्यातून टिपलेले शब्द उमटले होते, तेवढ्यात डेपोतून दुसरी गाडी आली. "असं मी कधी बघितलं नव्हतं, काकू. हे पुस्तकात आहे कुठं?"

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सवयच लागलेली गळ्याला, त्याला कोण काय करणार! "देवस्थळीणीचं जुळतं?" त्यांनी विचारलं.

"हो. तंतोतंत."

"जुळणारच. तिच्यासमोर कोण बसलेलं असतं उपाशी?" एवढं बोलून त्या उठल्या. दारापर्यंत जाऊन परत आल्या. "तरी ते मला घालून दे पट्टीत. घेता येत नसलं तर नको घेऊ. मला घरी पाहिजे."

चार वाजता त्यांनी हणमंतरावांच्या हातात पट्टी दिली. "ऐका. शेवटची गोष्ट आहे. दुसऱ्या वाचकाची."

"कुणाची?"

"ऐका म्हटलं ना!"

हणमंतरावांनी पट्टी लावली. पहिल्याच पानाला कपाळाला आठ्या पडल्या. "कोण बाई आहे ही? छाती केवढी धडधडतीय! कुणाशी भांडून आलीय काय?" वैजयंताबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थोडं पुढं गेल्यावर हणमंतरावांचा कंठ तीनदा अडखळत हलला आणि चेहरा एकदम सैल पडला. "वैजू? हे तू आहेस!" शेवटापर्यंत गेले, पट्टी काढली आणि मांडीवर ठेवली.

"डेपोतून दुसरी गाडी आली," ते म्हणाले.

"हं."

"खरंच आली?" हणमंतरावांनी विचारलं. "तिथं तुझा गळा आवळला, वैजू. ब्रेक नीट लागत नसला की ड्रायव्हरच्या पायाला आधी कळतं. मला त्या नर्सच्या गोष्टीतच कळलं. देवस्थळीबाईंकडं तिला न्यायला कुणी येत नाही. मग पुढची वाचली, त्याच्या पुढची वाचली. एकेकाला मरताना बघितलं मी. म्हटलं, ही बाई मला आंधळा तर आंधळा, वर खुळापण समजली! लहान पोराला फसवून घास भरवतात तसं केलंस. डोकं फिरलं माझं. म्हणून बोलत नव्हतो तुझ्याशी."

"म्हणजे तिच्यामुळं नव्हे?"

"कुणामुळं?"

"त्या सटवीमुळं!"

"कुठली सटवी?" हणमंतरावांना उमजायला क्षणभर लागला. "देवस्थळीबाई? अगं खुळे, त्या बाईला मी बघितलंय तरी का?"

"आणि मला बघून किती दिवस झाले?" बाईंचा बांध फुटला. "तुमचे डोळे होते तोवर मला कुणाची भीती नव्हती. गोरी असू दे, शिकलेली असू दे. आता तुमच्यासाठी ती पण आवाज आणि मी पण आवाज. आणि तिचा चांगला आहे ओ! मी गळ्यात घालून बघितलाय. तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे!"

दारावरून दूधवाल्याची गाडी गेली. हणमंतरावांनी हात पुढं केला आणि चाचपत बाईंचं मनगट धरलं.

"शेवटची गोष्ट मी तिच्याकडून वाचली नाही," ते म्हणाले. "बाकी सगळ्या वाचल्या. ती ठेवली. तो गाडीवान सुटत नाही हे मला आता ठाऊक आहे. पण ते परक्या बाईच्या गळ्यानं नको. जे काय वाईट व्हायचंय ते तुझ्या तोंडून होऊ दे. फळीवरनं पुस्तक काढ, आणि छापलंय तेच वाच. मोठ्यानं."

वैजयंताबाईंनी पुस्तक काढलं आणि समोर बसून वाचलं. गुरुत्वाकर्षण तीन ठिकाणी मोडलं. कामगार सुटले, वीज संपली, गाडीवान माथ्यावरच्या थांब्यावर गाडी लावून बसला. शेवटच्या ओळीला आल्यावर त्या थांबल्या. तोंडाशी आलेली दुसरी गाडी त्यांनी गिळली आणि छापलंय तेच वाचलं. "त्यानं दिवा लावला आणि तो वाट बघत राहिला." पुढं कोरं पान होतं. हणमंतरावांचे ओठ आवळले गेले आणि तोंड हळूहळू भिंतीकडं वळायला लागलं. ते बघून बाईंना हुंदका आवरेना. "बघा! म्हणून वाचत नव्हते! आता जेवणार नाही तुम्ही!"

त्यांचं रडणं ऐकून ते तोंड वळता वळता थांबलं. मग हणमंतराव म्हणाले, "थांबा कुठं आहे म्हणालीस?"

"डोंगराच्या माथ्यावर."

"आणि गाडीचा दिवा लागलाय?"

"लागलाय की."

"दिवा लागतोय म्हणजे बॅटरीत थोडकी धुगधुगी आहे." ते हळूहळू सरळ बसले. "माथ्यावर आहे म्हणजे खाली उतार आहे. ह्याला दुसरी गाडी कशाला पाहिजे, वैजू? न्यूट्रल टाकायचं नाही. गिअरमध्ये सोडायची. चाकं वीज तयार करतील. घाटाच्या तळाला येईपर्यंत घरी पोचण्यापुरती भरेल." त्यांचे दोन्ही हात पुढं येऊन स्टिअरिंगवर ठेवल्यासारखे धरले गेले. "आणि हे बघ, पुन्हा माझ्याशी खोटं वाचायचं नाही. आधी छापलेलं वाचायचं. मग पुढचं काय करायचं ते आपण दोघं बघू."

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "बरं."

"वाटेत एक थांबा घेतो. देवस्थळीबाई उभ्या आहेत."

"त्या कशाला?"

"इतकी पुस्तकं एकट्याच वाचतात बिचाऱ्या. समोर कुणी असतं का, तूच सांग."

वैजयंताबाईंनी विचार केला. गाडी मोठी होती, जागाही होती. पण म्हणून काय झालं! "घ्या," त्या म्हणाल्या. "पण मागच्या सीटवर. आणि स्वारगेट आलं की उतरवायचं."

"मंगळावर कुठलं आलंय स्वारगेट?"

"नसलं तर बांधा. पण उतरवायचं म्हणजे उतरवायचं."

"उतरवतो बाई," हणमंतराव म्हणाले, आणि हात तसेच धरून वाट बघत बसले. "आता बेल देतीस का? गाडी खोळंबलीय."

वैजयंताबाईंनी चमचा शोधला. पेल्यातला चहा केव्हाच गार झाला होता. त्यांनी चमच्यानं पेल्यावर दोनदा वाजवलं.